रमफर्डच्या बाजाराचा मक्ता: कीच विरुद्ध सँडफर्ड, १७२६

आठवडे बाजाराचा मक्ता म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. मक्तेदार ग्रामपंचायतीला वर्षाची ठरलेली रक्कम देतो आणि बाजाराच्या दिवशी त्याचा माणूस एकेका पालापुढे थांबून पावत्या फाडत जातो. जमीन मक्तेदाराची नसते, पालही त्याचे नसते आणि माल तर नसतोच. त्याच्या हाती असतो तो फक्त वसुलीचा हक्क. इंग्लंडमधील, तेव्हा एसेक्स परगण्यात असलेल्या, रमफर्ड गावच्या बाजाराचा असाच एक मक्ता एका अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेल्या, मुलासाठी विश्वस्ताकडे आला, त्याची मुदत संपत आली आणि तो पुन्हा घ्यायचा कोणाच्या नावाने, यावरून लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात दावा उभा राहिला. त्या न्यायालयाचे प्रमुख, लॉर्ड चान्सलर पीटर किंग, यांनी त्याचा निकाल ३१ ऑक्टोबर १७२६ रोजी दिला. विश्वस्ताने आपल्या पदावरून स्वतःचा लाभ करून घेऊ नये, हा नियम आज कंपनीचे संचालक, भागीदार, वकील आणि मुखत्यार अशा सर्वांना लागू आहे. त्या नियमाची चर्चा सुरू झाली की बहुधा याच निकालाचे नाव पहिल्यांदा घेतले जाते.

एवढ्या मोठ्या नियमाचा आधार असलेला वृत्तांत मात्र तीनशे शब्दांचाही नाही. त्यात मृत्युपत्राची तारीख नाही, मुलाचे वय नाही, बाजाराच्या मूळ मालकाचे नाव नाही आणि मक्त्याची रक्कमही नाही. तो पहिल्यांदा वाचणाऱ्याला पान अर्धवट छापले गेले असावे अशीच शंका येते. तो कसा तयार झाला हे पाहिल्यावर या त्रोटकपणाचे कारण कळते.

अठराव्या शतकात न्यायाधीश आपला निकाल लिहून देत नसत. ते न्यायासनावरून बोलत आणि समोर बसलेला एखादा वकील आपल्या वहीत जमेल तेवढे टिपून घेई. अशा वह्या पुढे हातोहात फिरत, त्यांच्या नकला होत, आणि एखाद्या ग्रंथविक्रेत्याला त्यात फायदा दिसला की त्या छापल्या जात. लॉर्ड किंग यांच्या कारकिर्दीतील निवडक दाव्यांचा जो संग्रह निघाला, तो १७४० साली. किंग १७३४ मध्येच वारले होते, म्हणजे आपल्या तोंडी घातलेली वाक्ये वाचून दुरुस्त करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. टिपणाऱ्याचे नावही त्या पुस्तकावर नाही. समन्यायाच्या (कायद्याच्या काटेकोर अक्षरापेक्षा न्याय्यतेच्या तत्त्वांवर चालणाऱ्या चॅन्सरीच्या पद्धतीच्या) दाव्यांच्या एका सारसंग्रहातही या निकालाची नोंद आहे, पण तिथे तो आणखीच आखडलेला आहे. पुढे १९०० ते १९३२ या काळात जुने खासगी वृत्तांत ‘इंग्लिश रिपोर्ट्स’ या मालेत एकत्र छापले गेले. त्या मालेच्या २५ व्या खंडात, पान २२३ वर हा दावा सापडतो आणि आजचे वकील तेच पान दाखवतात.

तेव्हा हा निकाल वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. आपल्यासमोर किंग यांचा निकाल नाही. किंग बोलत असताना एका अनाम वकिलाला जे टिपण्यासारखे वाटले, ते आपल्यासमोर आहे. बाजाराचा भाव, कुटुंबातली भांडणे, मुलाच्या बाजूने कोण उभे होते, यातले काही त्याला पुढच्या दाव्यात उपयोगी पडणार नव्हते. नियम उपयोगी पडणार होता, म्हणून त्याने नियम टिपला.

हकीकत

वृत्तांतात दिलेली हकीकत अशी. एका माणसाकडे बाजाराच्या उत्पन्नाचा भाडेपट्टा होता. त्याने मृत्युपत्राने आपली मिळकत एका अज्ञान मुलासाठी म्हणून विश्वस्ताच्या, म्हणजे या दाव्यातल्या प्रतिवादी सँडफर्डच्या, स्वाधीन केली. पट्ट्याची मुदत संपण्याआधी विश्वस्त मूळ मालकाकडे गेला आणि मुलाच्या हितासाठी पट्टा पुढे चालू ठेवावा, अशी मागणी त्याने केली. मालकाने ती नाकारली. ही मागणी आणि हा नकार यांचा स्पष्ट पुरावा न्यायालयासमोर आला होता, असे वृत्तांत आवर्जून सांगतो. त्यानंतर विश्वस्ताने तोच पट्टा स्वतःच्या नावाने करून घेतला. मुलाच्या वतीने दावा लागला, त्यात दोन मागण्या होत्या: पट्टा मुलाच्या नावे करून द्यावा आणि मधल्या काळातल्या नफ्याचा हिशेब द्यावा.

मालकाने नकार का दिला, हे या प्रकरणाचे मर्म आहे आणि बहुतेक पाठ्यपुस्तके ते एका ओळीत उरकतात. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमीन किंवा घर भाड्याने देणाऱ्या मालकाच्या हाती एक जबर हत्यार असे. भाडे थकले की न्यायालयात न जाता त्याला त्या जागेवरची गुरे, धान्य, सामानसुमान अडकवून ठेवता येई. हा हक्क जागेवर चालतो. जागा असेल, तिच्यावर काही पडलेले असेल, तरच अडकवायला काही सापडणार. बाजाराचे उत्पन्न ही मात्र अशी मिळकत आहे की तिला ना भिंत ना बांध. बाजाराच्या दिवशी चौकात गुरे उभी असतात, पोती रचलेली असतात, पण ती विकायला आलेल्या परक्या लोकांची. मक्तेदाराचे तिथे त्याच्या पिशवीतल्या पैशांखेरीज काहीही नसते. अशा मक्त्याचे भाडे थकले तर मालकाने अडकवायचे काय? त्याला उरतो तो मक्तेदाराने लिहून दिलेला करार, आणि त्या कराराच्या शर्तींवर दावा. अज्ञान माणसाने दिलेले वचन कायद्याने त्याला बांधत नाही, आणि त्या काळी एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत माणूस अज्ञानच धरला जाई. म्हणजे मुलाला मक्ता द्यायचा तर मालकाला जप्तीचा हक्कही नाही आणि कराराचा आधारही नाही. त्याने नकार दिला तो व्यवहार पाहून. त्यात मुलाबद्दल आकस नव्हता.

इतके समजले की विश्वस्ताची बाजू किती भक्कम होती हे दिसते. त्याने मागणी केली होती. मालकाचा नकार खरा होता, सबळ कारणाचा होता आणि सिद्धही झाला होता. मुलाला तो पट्टा मिळणारच नव्हता. मग उद्या गावातल्या कोणीही तो घेतला असता तर चालले असते, तर मी घेतला म्हणून काय बिघडले? मुलाचे मी काय हिरावून घेतले?

दोन्ही पक्षांचे म्हणणे

विश्वस्ताने किंवा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने पट्ट्याचे नूतनीकरण करून घेतले तर ते लाभार्थ्याच्याच हितासाठी धरले जाते, हे तत्त्व वादीच्या वकिलांनी मांडले, आणि प्रतिवादीच्या वकिलांनी ते मान्यही केले. यात नवल नाही. १६७० चा होल्ट विरुद्ध होल्ट आणि १६८७ चा वॉली विरुद्ध वॉली या निकालांत चॅन्सरीने हेच धोरण ठेवले होते. त्यामुळे कीच विरुद्ध सँडफर्ड या निकालाने नियम जन्माला घातला, असे जे सर्रास लिहिले जाते, ते खुद्द वृत्तांताशीच जुळत नाही. नियम आधीच होता. लढाई त्याच्या एका अपवादाची होती: लाभार्थ्याला पट्टा मिळूच शकत नाही हे पुराव्याने सिद्ध झाले, तर विश्वस्ताला तो स्वतःसाठी घेता येतो का?

वादीच्या वकिलांनी याला काय उत्तर दिले, हे वृत्तांत सांगत नाही. तो सरळ लॉर्ड चान्सलरच्या बोलण्यावर येतो.

किंग काय म्हणाले

किंग यांचे म्हणणे मराठीत मांडायचे तर ते असे: हा पट्टा मी मुलासाठीच्या न्यासातला धरला पाहिजे, कारण नूतनीकरणाला नकार मिळाल्यावर विश्वस्ताला पट्टा स्वतःकडे घेता येऊ लागला, तर लाभार्थ्यांसाठी फारच थोड्या पट्ट्यांचे नूतनीकरण होईल, हे मला स्वच्छ दिसते आहे. या दाव्यात लबाडी झाली असे मी म्हणत नाही. पण पट्टा स्वतःकडे घेण्यापेक्षा त्याने तो संपू द्यायला हवा होता. सबंध मनुष्यजातीत विश्वस्त हा एकच असा माणूस की ज्याला हा पट्टा घेता येऊ नये, हे कठोर वाटेल. तरी हा नियम काटेकोरपणे पाळला जावा आणि जराही सैल होऊ नये, हेच योग्य आहे.

यातले पहिले वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. ‘फारच थोड्या पट्ट्यांचे नूतनीकरण होईल’ असे म्हणताना किंग यांची नजर सँडफर्डवर नाही, सँडफर्डनंतर येणाऱ्या विश्वस्तांवर आहे. समजा, नकाराचा पुरावा दाखवला की विश्वस्त सुटतो असे ठरले. मग प्रत्येक विश्वस्ताच्या दृष्टीने नकार ही कमाईची संधी होईल. मालकाकडे जाऊन मुलासाठी पट्टा मागायचा तो कसा? ‘मुलाला द्या म्हणतो, पण त्याचे वय तुम्हाला ठाऊकच आहे,’ असे म्हणतही मागता येतो. नकार मिळतो, तो खरा असतो, साक्षीपुराव्याने सिद्धही होतो. त्या नकाराआड विश्वस्ताने किती जोर लावला आणि किती हात राखला, हे कुठल्या साक्षीदाराकडून बाहेर येणार? मागणाऱ्याच्या मनातली इच्छा पुराव्यात उतरत नाही. म्हणून किंग पुरावा खोटा ठरवत नाहीत, त्याचे वजनही करत नाहीत. तो बाजूला ठेवतात.

हीच गोष्ट नंतरचे एक लॉर्ड चान्सलर, लॉर्ड एल्डन, यांनी पुढे १८०३ मध्ये, दिवाळखोरीच्या एका प्रकरणात, उघड शब्दांत मांडली: अशा बहुसंख्य दाव्यांत खरे काय घडले ते तपासून ठरवण्याची ताकद कोणत्याही न्यायालयात नाही. किंग यांच्या निकालात हे वाक्य नाही, पण त्यांचे सारे तर्कशास्त्र त्यावरच उभे आहे. आपल्या मर्यादेची इतकी प्रामाणिक कबुली न्यायालये क्वचितच देतात, आणि ज्याच्या पदरात तिचा भार पडतो तो प्रतिवादी इथे कदाचित पूर्ण सचोटीचाही असेल. किंग ते नाकारत नाहीत.

हुकूमनाम्याचा दुसरा अर्धा भाग

या निकालातले ‘सबंध मनुष्यजातीत’ हे वाक्य इतके गाजले की त्याच्या खालचा हुकूम वाचायला लोक थांबत नाहीत. त्या हुकुमात तीन गोष्टी आहेत. पट्टा मुलाच्या नावे करून द्यावा. पट्ट्यातल्या शर्तींची जी जबाबदारी विश्वस्ताने पत्करली आहे, तिची झळ त्याला लागू नये अशी तजवीज करावी. आणि नूतनीकरणानंतर झालेल्या नफ्याचा हिशेब व्हावा.

मधली गोष्ट पुन्हा वाचावी. सँडफर्डने मालकाला करार लिहून दिला होता, आणि पट्टा पुढे दुसऱ्याच्या नावे झाला तरी मूळ करार लिहून देणारा माणूस मालकाला बांधलेलाच राहतो. न्यायालय पट्टा मुलाकडे देते, पण सँडफर्डच्या खांद्यावरचे कराराचे ओझे त्या हस्तांतराने उतरत नाही. म्हणून त्या ओझ्यापोटी त्याला जे भरावे लागेल, ते मुलाच्या मिळकतीतून त्याला मिळावे, असा हा हुकूम आहे. नफा मुलाचा, तर जोखीमही मुलाची. सँडफर्डला दंड नाही, त्याच्यावर ठपका नाही, त्याला खड्ड्यातही लोटलेले नाही. त्याने हा पट्टा जणू पहिल्या दिवसापासून मुलासाठीच घेतला होता, असे धरून हिशेब जुळवला आहे.

माझ्या मते विश्वस्ताच्या युक्तिवादाचे खरे उत्तर इथे दडलेले आहे, आणि ते वृत्तांतात कोणाच्याही तोंडी घातलेले नाही. हुकुमानंतरची परिस्थिती कशी दिसते पाहा. मालकाला हवा होता कराराने बांधलेला एक सज्ञान माणूस. तो त्याला सँडफर्डच्या रूपाने मिळालेला आहे. मुलाला हवे होते बाजाराचे उत्पन्न. ते त्याला मिळते आहे. सँडफर्डला हवी होती जोखमीपासून मोकळीक. तीही मुलाच्या मिळकतीच्या भरवशावर त्याला मिळाली. म्हणजे ‘मुलाला हा पट्टा मिळूच शकत नव्हता’ हे विधान जितके अभेद्य वाटत होते तितके ते नव्हते. करार आपल्या नावाने लिहून द्यायचा, उत्पन्न मुलाचे म्हणून ठेवायचे आणि जोखमीचा बोजा त्याच मिळकतीवर टाकायचा, ही वाट पहिल्या दिवशीही मोकळी होती. मालकाने नाकारला होता तो मुलाचा करार. दुसऱ्या कोणी मुलासाठी म्हणून केलेला करार त्याला चालला असता की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो जोराने विचारणारा माणूस एकच होता: ज्याला उत्तर ‘नाही’ आल्यास पट्टा मिळणार होता, तो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. दुसऱ्याच्या लाभासाठी आपल्या नावाने करार लिहून देणे हे विश्वस्ताचे कर्तव्य नव्हते; मुलाची मिळकत तोकडी पडली असती तर झळ सँडफर्डलाच बसली असती. हे खरे आहे. पण किंग यांनी त्याच्यावर असे कोणतेही कर्तव्य लादलेले नाही. धोका पत्करायचा नसेल तर पट्टा संपू द्यावा, असे ते म्हणतात. धोका घेण्याची सक्ती नाही, मात्र घेतलाच तर तो मुलासाठी घेतलेला धरला जाईल, अशी ही मांडणी आहे.

न्यायासनामागचे वातावरण

हा निकाल इतका कडक का झाला, याचा एक धागा चॅन्सरीच्याच इमारतीत सापडतो. किंग यांच्या आधीचे लॉर्ड चान्सलर, मॅकल्सफील्डचे अर्ल थॉमस पार्कर, यांनी जानेवारी १७२५ मध्ये पद सोडले आणि त्याच वर्षी त्यांच्यावर संसदेत महाभियोग चालला. चॅन्सरीत ‘मास्टर’ नावाचे अधिकारी असत. हिशेब तपासणे हे त्यांचे काम, आणि पक्षकारांचे न्यायालयात जमा झालेले पैसेही त्यांच्याकडेच राहत. त्या पैशांत विधवांचा, पोरक्या मुलांचा, वाद न मिटलेल्या मृत्युपत्रांचा पैसा असे. मास्टरांच्या जागा मोठ्या रकमा घेऊन विकल्या जात, आणि ज्याने जागा विकत घेतली तो तो खर्च भरून काढण्यासाठी पक्षकारांचा पैसा फिरवी. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला तेव्हा त्यातला बराच पैसा बुडाला. कुंपणानेच शेत खाल्ले होते, आणि त्या कुंपणाच्या खुंट्या खुद्द न्यायाधीश विकत होता. उमरावांच्या सभेने मॅकल्सफील्ड यांना दोषी ठरवून ३०,००० पौंडांचा दंड केला.

पद सोडल्यानंतर काही महिने लॉर्ड चान्सलरच्या अधिकाराची खूण असलेली राजमुद्रा आयुक्तांच्या हाती होती आणि १ जून १७२५ रोजी किंग लॉर्ड चान्सलर झाले. एक्सिटरच्या एका किराणा व्यापाऱ्याचा हा मुलगा, तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा नातलग, आणि त्याआधी कॉमन प्लीज न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. त्याची सारी उमेद कॉमन लॉमध्ये, म्हणजे चॅन्सरीबाहेरच्या सर्वसाधारण न्यायालयांच्या कायद्यात, गेलेली. समन्यायाच्या क्षेत्रात तो नवखा मानला जाई. पुढच्याच वर्षी पक्षकारांचा पैसा मास्टरांच्या हातून काढून महालेखापाल या नव्या अधिकाऱ्याकडे सोपवला गेला, आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला सँडफर्डचा दावा निकाली निघाला.

वृत्तांतात मॅकल्सफील्ड यांचा उल्लेख नाही, आणि त्या प्रकरणामुळेच किंग यांनी असा निकाल दिला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. होल्ट आणि वॉली हे निकाल त्या घोटाळ्याच्या पुष्कळ आधीचे आहेत, हे विसरून चालत नाही. तरी दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यांनी तो स्वतःसाठी वापरला म्हणून वर्षभरापूर्वी जे न्यायालय देशभर बदनाम झाले होते, तिथे ‘माझा हेतू शुद्ध होता’ हे ऐकून घ्यायला कोणाला फारसा उत्साह नसेल, एवढा तर्क करायला हरकत नाही. ‘जराही सैल होऊ नये’ हे शब्द त्या सभागृहात उच्चारले गेले, हे लक्षात ठेवून वाचले की त्यांचा आवाज बदलतो.

पुढचा प्रवास

वकिलांच्या बोलण्यात हा दावा ‘रमफर्ड बाजाराचा दावा’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्याचा वापर पट्ट्यांच्या पलीकडे गेला. १९२८ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात मुख्य न्यायाधीश कार्डोझो यांनी मेनहार्ड विरुद्ध सामन या दाव्यात, एकत्र धंदा करणाऱ्या दोघांपैकी एकाने परस्पर नवा पट्टा घेतला तेव्हा, हेच तत्त्व लावले. इंग्लंडमध्ये १९४२ च्या रीगल हेस्टिंग्ज या निकालात ते कंपनीच्या संचालकांना लावले गेले.

सगळ्यात अडचणीचा दावा मात्र बोर्डमन विरुद्ध फिप्स हा होय. एका न्यासाकडे लेस्टर अँड हॅरिस या कापड कंपनीच्या ३०,००० पैकी ८,००० भाग (शेअर) होते. न्यासाचा वकील बोर्डमन आणि लाभार्थ्यांपैकी एक टॉम फिप्स यांनी उरलेले जवळजवळ सगळे भाग स्वतःच्या पैशाने विकत घेतले, कंपनीचा कारभार ताळ्यावर आणला आणि भरपूर नफा कमावला. न्यासाकडच्या भागांचाही त्यात मोठा फायदा झाला. न्यासाला ते भाग घेणे तेव्हा शक्य नव्हते आणि ही माणसे प्रामाणिक होती, हे सर्वांना मान्य होते. तरीही १९६६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी तो नफा न्यासाचा ठरवला. रमफर्डच्या नियमाचा हा सगळ्यात ताणलेला वापर म्हणावा लागेल, आणि विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांचे म्हणणे आजही अनेकांना पटते. मलाही ते अर्धेअधिक पटते; कारण सँडफर्डने मुलाचाच मक्ता उचलला होता, तर बोर्डमनने न्यासाच्या हातात कधीच नसलेली वस्तू घेतली होती. पण तिथेही हुकुमाचा दुसरा भाग आहेच: बोर्डमनच्या श्रमाचा आणि कौशल्याचा सढळ हाताने मोबदला धरावा, असे न्यायालयाने सांगितले. नियम ढिला करायचा नाही आणि हिशेबात मात्र माणसाला बुडवायचे नाही, ही १७२६ ची रीत त्यात ओळखू येते. हा नियम आता सौम्य करावा, अशी मागणी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अलीकडे पुन्हा झाली आणि २०२५ मध्ये त्या न्यायालयाने ती फेटाळली.

मुंबईची वाट

आपल्याकडे हा नियम दोन वाटांनी आला. मुंबईत १८२३ च्या सनदेने स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाला चॅन्सरीसारखे समन्यायाचे अधिकार होते. तिथले इंग्रज वकील आणि न्यायाधीश ज्या वृत्तांतांवर वाढले होते, तेच खंड त्यांच्या कपाटात असत. १८६२ मध्ये उच्च न्यायालय झाले तेव्हा हा वारसा त्याच्या मूळ शाखेकडे, म्हणजे थेट दावे चालवणाऱ्या शाखेकडे, गेला. मुंबई शहराबाहेरच्या दिवाणी न्यायालयांना १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने सांगितले होते की जिथे कायदा किंवा रूढी सापडत नाही, तिथे न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धीने निकाल द्यावा.

दुसरी वाट संहितेची. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचे कलम ८८ विश्वस्त, भागीदार, मुखत्यार, कंपनीचा संचालक, कायदेविषयक सल्लागार अशी यादीच देते, आणि यांपैकी कोणी आपल्या नात्याचा उपयोग करून आर्थिक लाभ मिळवला तर तो ज्याच्यासाठी काम करत होता त्याच्यासाठीच धरला जावा, असे सांगते. कलमाखालच्या दृष्टांतांत एक असा आहे: ब साठी पट्टा मिळवायला नेमलेल्या अ ने तो स्वतःसाठी मिळवला, तर अ तो ब च्या हितासाठी धारण करतो. रमफर्डचे गाव, बाजार, मूल आणि मालक सगळे गळून जाऊन दोन अक्षरे उरली आहेत, पण प्रकरण ओळखीचे आहे.

एक फरक बारकाईने पाहावा. ‘आपल्या नात्याचा उपयोग करून’ हे शब्द किंग यांच्या निकालात नाहीत. विश्वस्ताने पदाचा उपयोग केला की नाही, याची चौकशीच त्यांना नको होती. भारतीय कलमात ती अट आली, आणि त्यामुळे प्रतिवादीला ‘हा लाभ मी पदामुळे मिळवलाच नाही’ असे म्हणायला जागा झाली. मात्र त्याच कलमाचा पुढचा भाग ही जागा बरीचशी बंद करतो: ज्या परिस्थितीत दोघांचे हित परस्परविरुद्ध आहे किंवा असू शकेल, अशा परिस्थितीत केलेल्या व्यवहारातून मिळालेला लाभही तिथेच जातो. ‘असू शकेल’ या दोन शब्दांत किंग यांचा संशय जसाच्या तसा उतरला आहे. सँडफर्ड आज भारतात असता तर पहिल्या भागावर त्याने कदाचित झुंज दिली असती. दुसऱ्या भागावर तो हरला असता.

पट्ट्याच्या नूतनीकरणाचा थेट दृष्टांत पुढे कलम ९० मध्ये येतो. भाडेपट्ट्याच्या मिळकतीत फक्त हयातीपुरता हक्क असलेल्या अ ने पट्टा स्वतःच्या नावाने आणि स्वतःसाठी पुन्हा करून घेतला, तर जुन्या पट्ट्यात ज्यांचे ज्यांचे हित होते त्या सर्वांसाठी तो नवा पट्टा धारण करतो. हे कलम तिथे थांबत नाही. तो लाभ मिळवताना योग्य रीतीने झालेल्या खर्चाचा आपापला वाटा त्या सर्वांनी त्याला परत द्यावा, आणि त्यासाठी त्याने योग्य रीतीने पत्करलेल्या जबाबदाऱ्यांची झळ त्याला लागू देऊ नये, असेही त्यात लिहिलेले आहे. त्या अनाम वकिलाने १७२६ मध्ये हुकुमाची मधली गोष्ट आपल्या वहीत उतरवून घेतली होती, ती हीच.